हातभर गलबत

‘एवढा शिकलेला मुलगा, आणि संध्याकाळभर काड्या जोडीत बसतो!’ हें वाक्य आमचेंच आहे. तें आम्हीं आमच्या भगिनीजवळ तिच्या चिरंजिवांविषयीं उच्चारलें, आणि उच्चारतांना आपण कांहीं शहाणपणाचें बोलत आहों अशी आमची खात्री होती. पुढील मजकूर त्या वाक्याचें खंडन करण्यासाठीं लिहिला आहे. वादांत प्रतिपक्षीं बहुधा दुसरा कोणी असतो. येथें तो मान प्रथम आमच्याकडेच येतो. परंतु असें बोलणारे आम्ही एकटेच नाहीं. पांढरपेशा घरांतील बहुतेक वडील मंडळी तें या ना त्या रूपानें उच्चारीत असतात. म्हणूनच हा घरगुती प्रमाद मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहों.

भाचा वयानें सव्वीस, पदवीधर, चांगल्या नोकरींत. त्याच्या खोलींतील मेजावर दोन वर्षें एक जहाज आकार घेत होतें. जहाजाचें नांव ‘त्रिंकोमाली’. तें काल्पनिक नव्हे. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं तें सागवानाचें बांधलें गेलें, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. ब्रिटिश आरमारांतील हें फ्रिगेट जातीचें जहाज. म्हणजे मुख्य तोफा एकाच सलग मजल्यावर मांडलेलें, चपळ, पहाऱ्याचें व पाठलागाचें काम करणारें. त्याचा घाट मूळचा फ्रेंच; इंग्रजांनीं १७८२ मध्यें पकडलेल्या ‘हेबे’ नामक फ्रेंच जहाजावरून तो घेतलेला. दोनशें वर्षें उलटून गेलीं, तरी तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि पाण्यावर तरंगत आहे. आम्ही इतिहासाचे अध्यापक. तीस वर्षें मुंबईस येतों जातों. आणि हें जहाज मुंबईचें आहे ही गोष्ट आम्हांस प्रथम या ‘काड्या जोडणाऱ्या’ भाच्याकडून कळली.

त्यानें प्रमाण धरलें होतें एका फुटास एक अष्टमांश इंच, म्हणजे मुळाचा ९६ वा हिस्सा. तोफांच्या मजल्याची मूळ लांबी सुमारें १५० फूट. ती या प्रमाणांत १९ इंचांच्या आंतबाहेर, म्हणजे हातभर, भरते. साडेपांच फुटी खलाशी पाऊण इंचाहूनहि खुजा होतो. एक इंच जाडीचा दोर पाव मिलिमीटरचा धागा होतो. आम्हांस वाटलें होतें कीं, लहान करणें म्हणजे सोपें करणें. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. शिडाच्या जहाजावरील दोर मुख्यतः दोन प्रकारचे. एक प्रकार डोलकाठ्यांना चहूंबाजूंनीं ताणून उभ्या धरणारा; हे दोर डांबर पाजलेले, म्हणून काळे. दुसरा प्रकार शिडें व त्यांच्या आडव्या काठ्या वर, खालीं, डावीकडे, उजवीकडे फिरविणारा; हे दोर फिकट. यांपैकीं प्रत्येक दोर कोठें निघतो, कोणत्या कप्पींतून जातो आणि शेवटीं कोणत्या खुंटीस अडकविला जातो, हें ठाऊक नसेल तर तो बांधतांच येत नाहीं. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’वर अशा दोरांची लांबी २६ मैल भरते असें सांगतात. या पसाऱ्यांत एक दोर चुकीच्या जागीं गेला कीं दुसरा त्याला घासतो, तिसऱ्यास वाट उरत नाहीं, आणि चार दिवसांचें काम उसवावें लागतें.

आमच्या धंद्यांतील मंडळींनीं येथें क्षणभर थांबावें. ‘शिडें उभारून आरमार बंदराबाहेर पडलें’ हें वाक्य आम्हीं वर्गांत किती वेळां उच्चारलें असेल याचा हिशेब नाहीं. तें उच्चारण्यास शीड म्हणजे काय हें माहीत असण्याची गरज पडली नाहीं. लेखणीला आपलें अज्ञान झांकतां येतें. करवतीला तें येत नाहीं. लिहिणारा ज्या ठिकाणीं ‘इत्यादि’ घालून पुढें जातो, त्या ठिकाणीं प्रतिकृति करणाऱ्याचा हात थबकतो, आणि त्यास उठून ग्रंथ पाहावा लागतो, नकाशा मोजावा लागतो, जाणत्यास विचारावें लागतें. लाँगरिज नांवाच्या इंग्रज गृहस्थांनीं ‘व्हिक्टरी’ची ४८ व्या हिश्शाची प्रतिकृति केली, आणि ती करतांना जें जें शोधावें लागलें त्याचा ‘दि अॅनाटमी ऑफ नेल्सन्स शिप्स’ हा ग्रंथ १९५५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या काळच्या जहाजाचीं अंगोपांगें समजून घेऊं पाहणारे लोक आजहि तो उघडतात. हें खेळणें असेल, तर आमच्यापैकीं कितींच्या प्रबंधांस असें खेळणें होण्याचें भाग्य लाभलें आहे?

हातांनीं शिकणें हें पदवीधराच्या प्रतिष्ठेस शोभत नाहीं, असें ज्यांस वाटतें त्यांनीं सॅम्युएल पेपिसचें चरित्र पाहावें. हा केंब्रिजचा पदवीधर १६६० मध्यें इंग्लंडच्या आरमारी कारभारांत मोठ्या हुद्द्यावर आला. त्या वेळीं त्यास जहाजांतलें कांहींच कळत नव्हतें. इतकेंच काय, गुणाकाराचे पाढेहि येत नव्हते! १६६२ च्या उन्हाळ्यांत त्यानें ‘रॉयल चार्ल्स’ जहाजावरील कूपर नांवाच्या दर्यावर्दी माणसास गुरु केलें, पहांटे उठून पाढे घोकले, आणि मग कचेरींत असलेल्या जहाजाच्या नमुन्यावर एकेका भागाचें नांव व काम शिकून घेतलें. हें सर्व त्यानें आपल्या रोजनिशींत निःसंकोच लिहून ठेविलें आहे. इंग्रजी आरमाराची घडी बसविणाऱ्यांत पुढें त्याचें नांव अग्रभागीं आलें. आम्हीं इंग्रजांकडून पदव्या घेतल्या, पोशाख घेतला, चहा घेतला. हुद्द्यावरील पदवीधरानें खलाशासमोर शिष्य होऊन बसावें, एवढें मात्र घ्यावयाचें राहून गेलें.

आतां एक शंका उरते, आणि ती रास्त आहे. बारीक काम दिसलें कीं ज्ञान असलेंच पाहिजे काय? मुळींच नाहीं. १७९७ ते १८१४ या काळांत इंग्लंडांत नॉर्मन क्रॉस येथें फ्रेंच युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. तेथील कैदी शिध्यांतील मांसाचीं उरलेलीं हाडें कोरून जहाजें करीत व विकीत. तीं पाहून आजहि माणूस तोंडांत बोट घालतो. परंतु त्यांपैकीं पुष्कळ जहाजें आठवणींवरून आणि हाताला लागेल त्या साहित्यांतून केलेलीं. त्यांच्या डोलकाठ्या अवास्तव उंच, अंगाचा घाट मनचा. त्या बिचाऱ्यांस दोष कोण देईल? त्यांना भाकरी मिळवावयाची होती. उलट, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजी गोद्यांशीं संबद्ध असे जे नमुने तयार झाले, आणि ज्यांचे मोठे संग्रह आज ग्रीनिच व अॅनापोलिस येथें आहेत, त्यांपैकीं अनेकांत पाण्याखालच्या भागावर फळ्या मुद्दाम मारलेल्याच नाहींत. आंतल्या लांकडी फासळ्या उघड्या दिसतात. एका नमुन्यांत कौशल्य आहे. दुसऱ्यांत कौशल्याबरोबर कबुली आहे, कीं पाहा, हें आंतून असें आहे. आम्ही ज्या प्रतिकृतीचा कैवार घेत आहों ती ही दुसरी.

ही भेदाची गोष्ट आमच्या गळीं कशी उतरली तें सांगितलें पाहिजे. एका गांवीं मराठ्यांच्या आरमारावर व्याख्यान देण्यासाठीं आम्हांस पाचारण झालें होतें. सभागृहाच्या दारांत कांचेच्या पेटींत एक जहाज मांडलेलें. मागच्या बाजूस तीनमजली कोरीव मनोरा, चौकोनी शिडांची दाटी, तोफांच्या खिडक्यांच्या दोन रांगा, आणि वर भगवा. खालीं लिहिलें होतें, ‘मराठ्यांची गुराब’. आम्हीं दाराशीं उभे राहून त्या कारागिरीची मनसोक्त प्रशंसा केली, आणि आंत जाऊन तासभर कान्होजी आंग्र्यांवर बोललों. टाळ्या भरपूर पडल्या. परततांना भाचा गाडींत गप्प होता. घाटांत तो म्हणाला, “मामा, तें जहाज स्पेनच्या राजाचें होतें. नुसतें निशाण बदललेलें.” आणि थोड्या वेळानें, “गुराबेच्या पुढच्या दोन तोफा उडाल्यावर मागें उसळत, तेव्हां त्यांना आंत किती जागा असे?”

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तोफ तोंडानें भरावयाची, म्हणजे बार उडतांच तिनें गाड्यासकट मागें आलें पाहिजे, नाहींतर दुसरा बार भरणार कसा? हा विचार तीस वर्षांत आमच्या मनास शिवला नव्हता. घरीं येऊन आम्हीं रॉबर्ट ऑर्म उघडला. १७६३ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या त्याच्या इतिहासांत या नौकांचें वर्णन आहे, आणि तें आम्हीं पूर्वीं वाचलेलेंहि होतें. म्हणजे त्यावरून डोळे फिरविले होते. गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित् तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांची. पाणी थोडें लागे. लांबीच्या मानानें रुंदी फार. आणि मध्यापासून पुढें निमुळती होत जाऊन तिला भूमध्य समुद्रांतील वल्ह्यांच्या गलबतासारखी लांब चोंच असे. समोरच्या लाटांत ही नौका पुढून जोरानें बुडक्या घेई. म्हणून चोंचीवरील तक्तपोशीस कठडे नसत, कीं आलेलें पाणी तसेंच वाहून जावें. या चोंचीच्या मागें आडवी भिंत, आणि त्या भिंतींतील भोंकांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट पुढें रोखलेल्या. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आंतलें, चाळीस पन्नास वल्ह्यांनीं चालणारें. कांचेच्या पेटींतील मनोऱ्याशीं यांतील एकहि गोष्ट जुळत नव्हती. भाच्याचा प्रश्न मात्र तसाच उरला; कारण ती भिंत नौकेच्या टोंकापासून किती मागें, आणि तेथें नौकेची रुंदी किती, हें ऑर्म सांगत नाहीं.

आमच्याकडील कागद काय सांगतात? रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र आरमारावर स्वतंत्र प्रकरण देतें. नौका फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्या. लांकूड तोडावें तें परवानगीनें, आंब्याफणसास हात लावूं नये. हें सर्व त्यांत आहे, आणि तें शहाण्या राज्यकर्त्याचें बोलणें आहे. परंतु त्यांत मापें नाहींत. तीं सुताराच्या हातांत होतीं. फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या बंदरांत तुळाजी आंग्र्यांचें आरमार इंग्रजी तोफांच्या माऱ्यानें पेटून जळालें, आणि त्या स्वारींत नानासाहेब पेशव्यांचें साह्य इंग्रजांस होतें, ही कडू गोष्ट आपण इतिहासांत वाचतों. पण जहाजें जळालीं म्हणून विद्या जळाली असें नव्हे. विद्या नाहींशी झाली ती ज्यास लिहितां येत होतें त्यानें सुतारास कधीं कांहीं विचारलें नाहीं म्हणून. लिहिणारा ओटीवर, बांधणारा खाडीच्या चिखलांत. या दोहोंमधील अंतर इंग्रजांनीं निर्माण केलेलें नाहीं. तें आमचें आहे, आणि ‘काड्या जोडीत बसतो’ हें आमचें वाक्य त्याच अंतराचा अर्वाचीन पुरावा आहे.

कोणी म्हणेल, ‘पण तुमचा भाचा आंग्र्यांची गुराब सोडून इंग्रजांचें जहाज कां करतो? हा कोठला स्वाभिमान?’ यास उत्तर असें कीं, ‘त्रिंकोमाली’च्या जातीच्या जहाजांचे नकाशे शिल्लक आहेत, मूळ जहाज शिल्लक आहे, जेथें तपासून पाहतां येतें तेथें हात तयार करावा आणि मग अंधारांत शिरावें, हाच अभ्यासाचा क्रम होय. शिवाय जहाज केवळ निशाणाच्या मालकीचें नसतें. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्यें सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या वंशजांच्या हाताखालीं या गोदींत ‘मिंडन’, ‘कॉर्नवॉलिस’, ‘एशिया’ हीं जहाजें झालीं. १८२७ मध्यें नव्हारिनोच्या लढाईंत इंग्रजी सेनापतीचें जहाज होतें तें ‘एशिया’. १८४२ मध्यें अफूच्या युद्धाअखेर चीनवर लादलेल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर. त्या लांकडांत येथील कारागिरांचें कसब आहे, आणि त्या लांकडावर एका मोठ्या अन्यायाची सहीहि आहे. ज्यास यांपैकीं एकच गोष्ट पाहावयाची आहे त्यास इतिहास नको, आरसा हवा आहे.

दुसरा आक्षेप नव्या मंडळींचा. ‘आतां संगणकावर चित्र काढावें, यंत्रानें भाग छापून घ्यावे, पटाशी कशाला झिजवावी?’ यंत्राशीं आमचें भांडण नाहीं. यंत्रावर चित्र काढणाऱ्यासहि ती भिंत किती मागें हा प्रश्न पडलाच पाहिजे. पडत असेल तर तो आमच्या पक्षाचा. परंतु ज्यास तयार तुकडे चिकटवून, वर निशाण लावून, कांचेंत ठेवावयाचे आहेत, त्यानें तें यंत्रानें केलें काय आणि हातानें केलें काय, फरक नाहीं. आमचें भांडण न विचारण्याशीं आहे.

विचारणारे कोण होते तेंहि पाहा. एद्मों पारी नांवाचा फ्रेंच आरमारी अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जगप्रदक्षिणेच्या सफरींवर असतांना बंदरोबंदरीं उतरून तेथील देशी नौका मोजीत असे. आमच्या पश्चिम किनाऱ्यावरील फत्तेमारीचीं मापें व आकृति त्यानें आपल्या ग्रंथांत दिल्या. पुढें १८७१ मध्यें पॅरिसमधील लुव्र येथील आरमारी संग्रहालय त्याच्या हातीं आल्यावर त्यानें अशा आकृतींवरून लहान नौका करवून ठेविल्या. ज्या काळांत हा परका मनुष्य आमच्या धक्क्यावर माप लावीत होता, त्या काळांत त्याच धक्क्यावरून आमचे शास्त्री, कारकून व नवे विद्यार्थी रोज जात येत असतील. त्यांपैकीं कोणीं खाली वांकून फळी मोजल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. फत्तेमारी कशी होती हें आज आम्हांस फ्रेंच ग्रंथांतून शिकावें लागतें.

आणि ही केवळ गतकाळाची रड नव्हे. कोंकणच्या खाड्यांतून लांकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या झपाट्यानें घेत आहेत. तें कोळ्यांच्या सोयीचें आहे. त्यांनीं आमच्या हौसेसाठीं लांकूड वापरावें असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु लांकूड वांकविणारा, नकाशावांचून केवळ नजरेनें नाळ काढणारा वृद्ध सुतार अजून कोठें कोठें हयात आहे, आणि त्याचा मुलगा दुसऱ्या धंद्यांत गेला आहे. दहा वर्षांनीं त्यास विचारतां येणार नाहीं. जयंतीच्या दिवशीं आरमाराच्या नांवानें गर्जना करणाऱ्यांपैकीं एकानें जरी या सुताराजवळ बसून त्याच्या होडीची हातभर प्रतिकृति केली, फळीमागून फळी, खिळ्यामागून खिळा, तरी ती शंभर व्याख्यानांहून वरचढ ठरेल. आमचें व्याख्यान त्यांत धरूनच.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. इतिहासाच्या प्रत्येक महाविद्यालयीन विभागांत पुस्तकांच्या कपाटाशेजारीं एक सुतारी मेज असावें. संग्रहालयांनीं जुन्या नौकांच्या प्रतिकृति मांडाव्या. पण कोणता भाग पुराव्याचा आणि कोणता अनुमानाचा हें स्पष्ट लिहावें, आणि जेथें कांहींच ठाऊक नाहीं तेथें फळी मारूं नये, फासळ्या उघड्या ठेवाव्या. आणि दिवाळींत आमचीं मुलें अंगणांत मातीचे किल्ले करतात, हा आपल्या महाराष्ट्राचा मोठा सुंदर परिपाठ. त्यांत सिंधुदुर्ग असला तर त्याभोवतींच्या निळ्या कागदावर वर्तमानपत्राची होडी सोडण्यापूर्वीं आईबापांनीं एक प्रश्न मुलांस विचारूं द्यावा, कीं इथें खरोखर कोणतें गलबत असे? उत्तर येत नसेल तर ‘येत नाहीं’ म्हणावें. तेथून अभ्यास सुरू होतो.

भाच्याची ‘त्रिंकोमाली’ गेल्या वर्षीं पुरी झाली. आतां त्यानें गुराबेस हात घातला आहे. ती पुरी होईल असें तो म्हणत नाहीं. चोंचीमागची ती भिंत त्यानें तीन ठिकाणीं बसवून पाहिली, आणि तिन्ही वेळां काढली. सध्यां तेथें मोकळी जागा आहे. गेल्या महिन्यांत एका खाडीवर एका म्हाताऱ्या सुतारानें बांधलेला जुना मचवा मोजण्यास तो गेला, तेव्हां आम्हांसहि बरोबर नेलें. मोजण्याच्या फितीचें एक टोंक त्याच्या हातांत होतें, दुसरें आमच्या. आम्हीं तें चुकीच्या फळीवर धरलें होतें. म्हाताऱ्यानें कांहीं न बोलतां आमचा हात धरून वीतभर खालीं सरकविला.